दुसऱ्याचं उत्तर लिहिताना

समाजसेवेबद्दल बोलताना आपण सगळे देण्याच्या भाषेत बोलतो. वेळ द्या, पैसा द्या, ज्ञान द्या, रक्त द्या. परीक्षेतल्या लेखनिकाला मात्र यातलं बरंचसं देण्याची मुभाच नसते. ज्ञान दिलं तर ती कॉपी. सल्ला दिला तर नियमभंग. नुसता हुंकार दिला तरी तो इशारा ठरू शकतो. द्यायचे असतात फक्त डोळे आणि हात, तेही तीन-चार तासांपुरते. आपली पदवी, आपला अनुभव, आपली हुशारी हे सगळं पिशवी आणि मोबाइलबरोबर वर्गाबाहेर ठेवून आत जायचं.

तरीही या कामाने मला जे दिलं, ते दुसऱ्या कुठल्याच कामाने दिलेलं नाही. कशामुळे, याचा विचार मी परीक्षेच्या हंगामात दर वेळी करते. आज तोच इथे मांडते.

आधी काम काय ते सांगते, कारण पुष्कळ जणांना ते नीट ठाऊक नसतं. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांच्या हाताला लिहिणं जमत नाही, अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत आपलं उत्तर तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घेता येतं. जो लिहितो तो लेखनिक. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर केंद्र सरकारने 2018 मध्ये लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार अशा परीक्षार्थीला दर तासामागे किमान 20 मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. ही सोय केवळ अंधांसाठी आहे असंही नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं लेखनिक घेतात, अध्ययन अक्षमता असलेलीही घेतात. लिहिताना हात आखडतो अशा एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, की अपंगत्व 40 टक्क्यांच्या मोजपट्टीत बसत नाही एवढ्या कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही.

लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असा दंडक अनेक परीक्षांत चालत आला आहे. म्हणून दहावीच्या मुलाला नववीतलं पोर लागतं आणि एम. ए.च्या मुलांना माझ्यासारखी बी. कॉम. झालेली बाई चालते. विषयही वेगळा असलेला बरा. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे पेपर माझ्याकडे येतात. तपशिलाचे नियम परीक्षेगणिक बदलतात, ते आधी विचारून घ्यावे लागतात.

आता त्या खोलीविषयी. बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून लेखनिकाची जोडी वेगळी बसवतात. कधी तळमजल्यावरचा रिकामा वर्ग मिळतो, कधी ग्रंथालयाचा कोपरा, कधी प्रयोगशाळेतलं लांब टेबल. एक पर्यवेक्षक येऊन हॉलतिकीट, ओळखपत्र आणि माझं हमीपत्र तपासतात. मग उत्तरपत्रिकेवर आसन क्रमांक लिहायचा, बारकोडचं स्टिकर सरळ लावायचं, आणि प्रश्नपत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा सलग वाचून दाखवायची. सूचनांसकट आणि गुणांच्या आकड्यांसकट. डोळस मुलगा प्रश्नपत्रिकेवरून नुसती नजर फिरवतो आणि कुठला प्रश्न सोडायचा ते ठरवतो. इथे सगळी प्रश्नपत्रिका ऐकून डोक्यात मांडावी लागते. आमच्या बाकावरची मुलगी पाच प्रश्न, त्यांचे उपप्रश्न आणि त्यांचे गुण एकदा ऐकते आणि म्हणते, 'ताई, तिसऱ्यापासून सुरू करू. मग पहिला. दुसऱ्यातला ब सोडू.' स्मरणशक्तीचे प्रयोग लोक रंगमंचावर बघायला जातात. मला ते बाकावर बसून बघायला मिळतात.

या कामात बसलं की पहिल्यांदा आपलाच आवाज आपल्याला कळायला लागतो. चार पर्यायांचा प्रश्न वाचताना बरोबर पर्यायापाशी आवाज नकळत हलतो. किंचित रेंगाळतो, किंचित चढतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही, पण कानांवर ज्याचा सगळा व्यवहार चालतो त्याला लगेच कळतं. एका मुलाने सराव परीक्षेच्या आधीच मला बजावलं होतं, 'ताई, चारही ऑप्शन एका सुरात वाचा. मला तुमचं उत्तर नकोय.' बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. एका गुणाने यादीत वर-खाली होण्याचे दिवस, आणि हातात आयती येणारी मदत तो आधीच परत करत होता. त्या वाक्याने मला या कामाचं वळण लावलं.

आवाज पेनालाही असतो. बॉलपेन कागदावरून चालताना बारीक खरखर होते. सांगणारा त्या आवाजाच्या चालीने सांगत असतो. खरखर थांबली की तोही थांबतो, पुढचं वाक्य तयार ठेवतो. म्हणून चुकीचं काही ऐकलं तरी पेन थबकू द्यायचं नाही, कारण थबकणं हासुद्धा इशारा आहे. हे बोलायला सोपं आहे. एकदा राज्यशास्त्राच्या पेपरात पंचायत राज व्यवस्थेवरचं उत्तर ती मुलगी अगदी ओघात सांगत होती. ग्रामसभा, त्रिस्तरीय रचना, राज्य निवडणूक आयोग. आणि सांगता सांगता म्हणाली, '74व्या घटनादुरुस्तीने'. पंचायतींची दुरुस्ती 73वी, नगरपालिकांची 74वी, दोन्ही 1993 मध्ये लागू झाल्या, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं. मी 74वी लिहिलं. पेन चालू ठेवलं. मानेच्या मागे घाम आला होता.

अर्ध्या पानानंतर महिलांच्या आरक्षणाचा मुद्दा आला आणि ती गप्प झाली. उजव्या हाताची बोटं बाकाच्या लाकडावर हलत होती, ब्रेलचे ठिपके चाचपत असल्यासारखी. 'ताई, मागचा परिच्छेद वाचता का जरा?' मी वाचला, सपाट आवाजात, कुठेही न रेंगाळता. 'थांबा. चौऱ्याहत्तरावी नाही, त्र्याहत्तरावी करा. चौऱ्याहत्तरावी शहरांची.' मी खोडलं, वर लिहिलं. तो गुण तिचा होता, पूर्ण तिचा. मी पेन जरा जरी थांबवलं असतं तरी तो अर्धा माझा झाला असता, आणि तिच्या आयुष्यात आधीच पुष्कळ गोष्टी अशा अर्ध्या दुसऱ्याच्या आहेत.

दर वेळी असं होत नाही. दुसऱ्या एका पेपरात सालाची चूक तशीच राहिली. परीक्षार्थीच्या ती लक्षात आली नाही, आणि मी उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातात दिली. बाहेर आल्यावरही मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पुढचा पेपर होता. घरी येऊन भाजी निवडताना ते साल डोक्यात घोळत राहिलं. अशा वेळी मनाला लागतं, आणि लागायलाच हवं. पण त्या मुलाची चूक ही त्याची मालमत्ता आहे, जशी माझ्या मुलाच्या उत्तरपत्रिकेतली चूक माझ्या मुलाची असते. चुकायचा हक्क फक्त डोळसांना का असावा?

माझ्या मते या सेवेची खरी कमाई इथेच आहे. माणसाला मदत करताना आपण बहुतेक वेळा त्याच्या जागी स्वतःला बसवतो. त्याला काय हवं ते आपण ठरवतो, त्याचं वाक्य आपण पुरं करतो, त्याच्या वतीने दुकानदाराशी आपण बोलतो. मदतीत ठरवण्याचा हा हक्क आपसूक घुसतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लेखनिकाच्या खुर्चीत तो घुसायला वावच नाही. चार तास दुसऱ्याच्या बुद्धीच्या वेगाने, दुसऱ्याच्या शब्दांत, दुसऱ्याच्या क्रमाने चालायचं. तिथे माझं मत कुणी विचारत नाही. सुरुवातीला याचा शीण येतो. मग हळूहळू त्याची गोडी लागते. दिवसभर आपल्याच मतांचा जो कलकलाट डोक्यात चालू असतो, तो चार तास बंद राहतो. पेपर संपवून बाहेर पडताना मनाला जी स्वस्थता असते, तशी मला सुट्टीच्या दिवशीही मिळालेली नाही.

आणि ती स्वस्थता घरीही येते. सासूबाई जुनं काही सांगताना साल हमखास चुकतात. कोयनेचा भूकंप त्या कधी पासष्टमध्ये नेतात, कधी सत्तरमध्ये. आता मी मध्ये बोलत नाही. त्यांचं वाक्य पुरं होऊ देते. पुरं झाल्यावर कळतं की साल चुकलं तरी गोष्ट बरोबर होती. त्या रात्री अंगणात कोण कुणाला धरून बसलं होतं, चूल कशी विझली, शेजारच्या कुणी कांबळी आणून दिली, यातलं काहीही चुकलेलं नसतं. मुलगा शाळेतलं काही अडखळत सांगतो तेव्हाही तसंच. अडखळला की त्याला शब्द पुरवायचा नाही, थांबायचं. तो शब्द त्याचा त्याला सापडतो, आणि कित्येकदा मी दिला असता त्यापेक्षा चांगला सापडतो.

आपल्याकडे लेखनिकाला फार जुना मान आहे. महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणपतीला बसवलं, ही कथा घराघरात सांगतात. गणपतीने अट घातली, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. लहानपणी मला यात दोघांची चतुराई दिसायची. आता त्यात लेखनिकाचा सगळा धर्म दिसतो. हात थांबू द्यायचा नाही, आणि समजून घेतल्याशिवाय लिहायचं नाही. नुसती अक्षरं गिरवणाऱ्याच्या हातून पूर्णविराम चुकतो, परिच्छेद चुकतो, 'परंतु'च्या जागी 'परंपरा' पडतं. समजलं तरच हात बरोबर चालतो. नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी उतरवून घेतली ती सच्चिदानंदबाबांनी. शिवथरघळीत समर्थ सांगत आहेत आणि कल्याणस्वामी दासबोध लिहून घेत आहेत, हे चित्र तर कित्येक घरांत भिंतीवर असतं. तुकोबांच्या अभंगांचे लेखक म्हणून संताजी जगनाड्यांचं नाव वारकरी आदराने घेतात. या माणसांची नावं ग्रंथांबरोबर राहिली, पण ग्रंथात आपलं काही घालावं असं त्यांना वाटलं नाही. ही परंपरा एम. ए.च्या प्रश्नपत्रिकेपर्यंत ओढून आणणं कुणाला धाडसाचं वाटेल. मला वाटत नाही. ऐकून इमानाने लिहिणं हे काम तेव्हाही तेवढंच होतं, आताही तेवढंच आहे.

समजून लिहायचं म्हटल्यावर शिक्षण आपोआप होतं. बी. कॉम. करताना मी हिशेब शिकले. राजकीय विचार मी शिकले तो दुसऱ्यांची उत्तरं लिहिताना. आगरकर आणि टिळक यांच्यात आधी सुधारणा की आधी स्वराज्य यावरून काय मतभेद होते, गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज का काढला, बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या शेवटच्या भाषणात राजकीय समतेबरोबर सामाजिक समतेची काळजी का बोलून दाखवली, हे सगळं माझ्या हाताखालून गेलं आहे. पुस्तकातून वाचलेलं विसरतं. कुणीतरी मनापासून, घड्याळाकडे कान ठेवून, वाक्य जुळवत सांगितलेलं, आणि आपण हाताने लिहिलेलं सहसा विसरत नाही.

परीक्षा नसते तेव्हा वाचनाचं काम असतं. ब्रेलमधली पुस्तकं जाड आणि जड होतात. एका साध्या पुस्तकाचे दोन-तीन खंड होतात, आणि अभ्यासाची सगळी पुस्तकं ब्रेलमध्ये निघतही नाहीत. शिवाय मोठेपणी दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. म्हणून पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचं. 2012च्या दुरुस्तीनंतर आपल्या स्वामित्वहक्क कायद्याचीही याला आडकाठी नाही, आणि अंधांना पुस्तकं सुलभ रूपात मिळावीत यासाठी जो माराकेश करार झाला त्याला 2014 मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही असं मला वाटतं. वाचताना पान क्रमांक सांगायचा, तळटीप कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सांगायचं, तक्ता आला तर ओळीने वाचायचा, चित्र आलं तर काय दिसतं तेवढंच सांगायचं, त्यातून काय वाटतं ते नाही. असं वाचलं की लेखकाचीही परीक्षा होते. डोळ्यांनी सरसर वाचताना खपून गेलेलं पोकळ वाक्य मोठ्याने वाचताना जिभेला बोचतं.

पेपर सुटल्यावर पुष्कळदा बस थांब्यापर्यंत एकत्र चालत जायची वेळ येते. इथेही एक शिकण्यासारखं आहे. आपण अंध माणसाचा दंड धरून त्याला पुढे ढकलत नेतो. पद्धत याच्या उलट आहे. त्याने आपला हात कोपराच्या जरा वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागून चालायचं. म्हणजे पायरी आली, उतार आला, वळण आलं की आपल्या अंगाच्या हालचालीवरून त्याला कळतं, आणि धरायचं की सोडायचं ते त्याच्या हातात राहतं. उत्तरपत्रिकेवरचा नियमच रस्त्यावर उतरतो.

असं चालल्यामुळे माझं गाव मला नव्याने कळलं. मी पुण्यात वाढले, त्याच रस्त्यांवरून शाळेत गेले. पण पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी माझ्या दृष्टीने नुसत्या दुचाकी होत्या. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरशा सरळ जाऊन विजेच्या खांबापाशी संपतात, हे मी कोपराला धरलेला हात घेऊन चालले तेव्हाच पाहिलं. दुकानाबाहेर डोक्याच्या उंचीवर लोंबणारी पत्र्याची पाटी पांढऱ्या काठीला लागत नाही, कपाळाला लागते, हेही तेव्हाच कळलं. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या दोन दुकानदारांशी मी बोलले. पाट्या वर गेल्या. वाद झाला नाही, विनवणीही लागली नाही. त्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. एकाने तर पायरीच्या कडेला पांढरा पट्टा मारून घेतला, अंधुक दिसणाऱ्यांना कड कळावी म्हणून. मी तेवढं सांगितलंही नव्हतं.

गावात राहणं आणि गावाचं असणं यात अंतर असतं, आणि ते अशा कामाने तुटतं. पूर्वी मला माझ्या भागातले भाजीवाले, दवाखाना आणि शाळेच्या बसची वेळ माहीत होती. आता मुलींच्या वसतिगृहातल्या काकू माहीत आहेत, परीक्षा विभागातले ते शिपाईदादा माहीत आहेत जे न सांगता तळमजल्यावरची खोली उघडून ठेवतात, रिक्षा स्टॅण्डवरचे दोघे-तिघे माहीत आहेत जे काठी दिसली की हाक मारून आपली जागा कळवतात. निकालाच्या दिवशी फोन येतात. 'ताई, सुटले' एवढंच वाक्य, पण ते ऐकण्यासाठी मी सकाळपासून फोन जवळ ठेवलेला असतो. बीड जिल्ह्यातल्या एका मुलीच्या घरून ज्वारीचं पीठ येतं. ते मी घेते, संकोच न करता घेते, कारण ते नाकारणं म्हणजे देण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे ठेवणं होईल.

लोक म्हणतात, तुम्हाला पुण्य लागत असेल. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण मला ते पटत नाही. ज्या मुलीने दोन वर्षं रात्री जागून, फोनवर पुस्तकं ऐकून ऐकून अभ्यास केला, तिचा पेपर हा माझ्या पुण्याचा साठा कसा असेल? ती माझ्याकडे दया मागायला आलेली नसते, हक्काची सोय घ्यायला आलेली असते. 2011च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदलेली माणसं देशात 50 लाखांच्या आसपास होती. एवढ्या लोकांचं शिक्षण कुणाच्या पुण्याच्या हिशेबावर सोडता येत नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या 2017 साली लागलेल्या निकालात त्यांचा क्रमांक 124वा आला आणि त्या सनदी अधिकारी झाल्या. त्या यशात कुणाच्या तरी हाताने त्यांचं उत्तर कागदावर उतरवलं आहे. ते उत्तर त्यांचं होतं. हाताचा वाटा हातापुरता.

आता संगणक आले आहेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर मोफत मिळतात, फोन बोलतो, मराठीही बरी बोलायला लागला आहे. परीक्षार्थीने स्वतः टंकलेखन करून उत्तर लिहावं अशी व्यवस्था काही परीक्षांत सुरू झाली आहे. ती सगळीकडे यावी, लवकर यावी, असं मला मनापासून वाटतं. आपलं उत्तर आपल्या बोटांनी लिहिण्यात जो मान आहे तो उत्तमातला उत्तम लेखनिकही देऊ शकत नाही. ज्या दिवशी एकाही परीक्षेला माझी गरज उरणार नाही, त्या दिवशी मला आनंदच होईल. पण तो दिवस अजून दूर आहे. विद्यापीठांच्या बहुतेक परीक्षा अजून कागद-पेनावर होतात, आणि गावाकडून आलेल्या प्रत्येक मुलाकडे संगणक नसतो.

म्हणून लेखनिकाची ओढाताण चालूच आहे. वसतिगृहातली मुलं परीक्षेआधी पंधरा-वीस दिवस फोन फिरवत असतात. अभ्यासाच्या वेळात अभ्यास सोडून माणूस शोधत असतात. अडचण अशी, की ज्या विद्यार्थ्यांनी लेखनिक व्हावं त्यांच्याही परीक्षा तेव्हाच असतात. आणि याहून वाईट प्रसंग मी पाहिला आहे. कबूल केलेला लेखनिक ऐन वेळी येत नाही. मुलगा फाटकापाशी काठी धरून उभा असतो, घंटा होते, आणि आत इतरांचे पेपर सुरू होतात. हो म्हटल्यावर जायचं. ताप असेल तर आदल्या दिवशी कळवून बदली माणूस मिळवून द्यायचा. या कामातली एवढी एक गोष्ट मी कठोरपणे सांगते.

तुमच्या गावात महाविद्यालय असेल तर तिथे असे विद्यार्थी असतील. अंधांची शाळा, वसतिगृह किंवा अंधांसाठी काम करणारी संस्था जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा असते. तिथे जाऊन आपलं नाव, शिक्षण, मोकळे दिवस आणि फोन नंबर द्या. अक्षर सुवाच्य असावं, मराठी शुद्धलेखनाची सवय असावी, चार तास बसण्याची तयारी असावी. एवढंच लागतं. घरात नववी-अकरावीतलं मूल असेल तर त्यालाही विचारा, शाळकरी परीक्षार्थींना खालच्या इयत्तेतले लेखनिक लागतात. पहिल्या पेपराआधी परीक्षार्थीबरोबर एक तास सरावाला बसा, म्हणजे एकमेकांचा वेग कळतो. दिवाळीच्या सुमाराची सत्र परीक्षा आणि मार्चपासून पुढची वार्षिक परीक्षा, हे दोन हंगाम. नाव महिनाभर आधी द्यावं.